कुंदाने फाडायला लावलेलं पत्र

खरं सांगा, जिच्यासोबत एका नळावर हंडे भरले त्या मैत्रिणीचा पोरगा अमेरिकेचा नागरिक होणार असं कळलं, तर तुमच्या तोंडून आधी ‘अरे वा’ निघेल, की आधी पोटात पीळ पडेल आणि मग ‘अरे वा’ निघेल? घाई करू नका, नीट आठवून सांगा. कारण इथे जिची गोष्ट सांगायची आहे, ती कुंदा या प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षं टाळत होती. टाळता टाळता तिने एका पोराला पार दारात अडकवून ठेवलं, आणि त्या पोराला ते माहीतही नव्हतं.

कुंदा अंबरनाथची. शिवमंदिराकडे जाणारा रस्ता वळतो त्याच्या अलीकडे एक वस्ती आहे, वस्तीत बुद्धविहार, आणि विहाराला चिकटून एक खोली. खोलीत लोखंडी टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली कुंदा. बाहेर बोर्ड नाही. लागतच नाही. जातीचा दाखला असो, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो, एमआयडीसीतल्या कुठल्या कंपनीने तडकाफडकी काढलेल्या माणसाची तक्रार असो, वस्तीतलं माणूस आधी तिच्याकडे येतं. शिक्षण बारावी. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. इंग्रजी तर सरकारी परिपत्रकं समोर ठेवून आणि शब्दकोश मांडीवर घेऊन शिकली. कचेरीत कोणी साहेब टाळाटाळ करायला लागला की तिचं एकच वाक्य ठरलेलं: “साहेब, जीआर वाचलाय का? मी वाचलाय. तिसरं पान काढा.” साहेब तिसरं पान काढायचा.

जीभ तिखट, राग नाकावर. तिला बाई हुशार आहे म्हटलं की ती फुगायची, आणि बाई चांगली आहे म्हटलं की तिला काही वाटायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

संध्या तिची लहानपणची मैत्रीण. चाळीत भिंतीला भिंत. एकीच्या घरी सुकट भाजली की दुसरीकडे खोकला. दोघी एकाच वर्षी बारावी झाल्या आणि दोघींनी नर्सिंगचा फॉर्म भरला. भरला म्हणजे दोघींचाही कुंदानेच भरला, संध्याने फक्त सह्या केल्या. तालुका कुठे लिहायचा आणि जिल्हा कुठे, एवढंही तेव्हा संध्याला उमगत नव्हतं. हे कुंदाने पुढची तीस वर्षं भेटेल त्याला सांगितलं.

दोघींना मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात कुंदाच्या दारात पोलीस आले.

कुंदाचा थोरला भाऊ बुद्धभूषण फौजेत होता. सुट्टीवर आला आणि परत गेलाच नाही. का गेला नाही, ते त्याने तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. पलटणीकडून पोलीस ठाण्याला कळवलं गेलं आणि शोध सुरू झाला. भूषण गावाकडे कुठेतरी लपलेला, आणि बाप किसन सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर. अख्खी चाळ दारात उभी. ‘भगोडा’ हा शब्द कुंदाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्या घराला आडनावासारखा चिकटला. आई शालन म्हणाली, “घरात ही तऱ्हा, आणि पोरीला मुंबईला धाडू? लोक म्हणतील, भाऊ पळाला, मागनं बहीण पण पळाली.”

संध्या गेली, एकटी. कुंदाच्या अक्षरातला फॉर्म हातात घेऊन.

पुढे भूषण स्वतःहून हजर झाला, शिक्षा भोगली, नोकरी गेली, पेन्शनचा प्रश्नच नव्हता. संध्या मात्र नर्स झाली. आधी मुंबई, मग मस्कत, आणि २०१५ साली नवऱ्याला आणि सतरा वर्षांच्या प्रज्वलला घेऊन थेट अमेरिका, न्यू जर्सी, हातात ग्रीनकार्ड. या प्रत्येक पायरीवरचा कागद कुंदाच्या टेबलावरून गेला. पासपोर्टचा अर्ज, जन्मदाखल्यातली चूक, लग्नाचं सर्टिफिकेट. “बघ ना कुंदे, तुझ्याशिवाय आहे कोण मला?” कुंदा बघायची. मन लावून बघायची, एक खाडाखोड नाही. मैत्रीण जेवढी लांब जायची, तेवढा तिचा कागद चोख व्हायचा. आणि तो कागद हातावेगळा झाला, की त्या दिवशी कुंदाच्या घरी कोणाचं काही खरं नसायचं. भाजी खारट का, चपला वाकड्या का, पंखा आवाज का करतो. नवरा गुरुदत्त शांत माणूस. तो मुलीला, किर्तीला, हळूच म्हणायचा, “आज संध्याकडचं काहीतरी आलेलं दिसतंय.”

आता २०१६ चा जुलै. किर्तीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. जातपडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हवं होतं आणि ते येत नव्हतं. ज्या बाईने वस्तीतल्या तीसेक पोरांची पडताळणी काढून दिली, तिच्याच पोरीची फाइल अडकली. कुंदा भांडली, रडली, उंबरे झिजवले. शेवटची तारीख गेली. किर्तीची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर संध्याचे दोन फोटो आले. एकात प्रज्वल, किर्तीच्याच वयाचा, निळ्या गाडीला टेकून उभा. खाली संध्याने लिहिलेलं: ‘सेकंडहॅन्ड आहे ग, कॉलेजला जायला.’ दुसरा फोटो एका पत्राचा. अमेरिकन सरकारचं पत्र, प्रज्वलच्या नावाचं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाने, ग्रीनकार्डवाल्यानेसुद्धा, लष्करी सेवेच्या यादीत नाव नोंदवायचं.

कुंदाने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. नाव नोंदवणं म्हणजे फौजेत भरती होणं नव्हे, असं तिथे सरळ लिहिलेलं. मग तिसरी वाचली. जो नोंदवणार नाही, त्याला पुढे नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. नाकारलं, डिनाइड. शब्दकोश उघडावा लागला नाही. हा शब्द तिने तीनच दिवसांपूर्वी पोरीच्या तोंडावर वाचला होता.

तेवढ्यात संध्याचा फोन. “कुंदे, वाचलंस का? फौजेचं आहे काय ते? हे घाबरलेत. टीव्हीवर रोज लढाईच दाखवतात ग इथे.”

“फौजेचंच आहे,” कुंदा म्हणाली.

“मग काय करायचं? नाव लावायचं?”

“भूषणदादाचं काय झालं, विसरलीस? माझा बाप बाकावर बसलेला विसरलीस? फौजेच्या रजिस्टरात नाव एकदा चढलं की चढलं. एकुलता एक आहे तुझा.”

“पण सरकारचं पत्र आहे, लावलं नाही तर…”

“काही होत नाही. अशी छप्पन्न पत्रं धाडतं सरकार. फाडून टाक.”

“नक्की ना?”

“संध्ये, तुझा फॉर्म कोणी भरला होता?”

“तूच ग बाई.”

“मग?”

फोन ठेवला आणि कुंदाला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. छान वाटलं, हलकं वाटलं, पोरीच्या ताटात तिने स्वतःहून पापड भाजून टाकला. दोनचार दिवसांनी ती ते विसरली. खरंच विसरली. असल्या गोष्टी माणूस फार मन लावून विसरतो.

प्रज्वल शिकला, तिकडेच नोकरीला लागला. २०२५ च्या जानेवारीत बदलापूरला येऊन लग्न करून गेला. मुलगी कात्रपची, मनाली, शाळेत शिकवणारी. लग्न असं की हॉलबाहेर गाड्या लावायला जागा नाही. कुंदाला बोलावणं होतं. ती गेली, जेवली, आणि परत येताना रिक्षात गुरुदत्तला म्हणाली, “गुलाबजाम कच्चे होते.” गुरुदत्तने तीन खाल्ले होते.

जून महिन्यात मनाली कुंदाच्या खोलीत येऊन उभी राहिली. हातात फाइल.

“जयभीम मावशी. ओळखलंत का? प्रज्वलची मिसेस.”

“स्टेजवर चढायला पाऊण तास लाइनीत उभी होते तुझ्या लग्नात. चेहरा पाठ झालाय. बस.”

मनाली बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. प्रज्वलने नागरिकत्वाचा अर्ज करायला घेतला. वकिलाने पहिल्या भेटीत विचारलं, अठरा ते सव्वीसच्या मध्ये लष्करी नोंदणी केली होती का? प्रज्वल म्हणाला, नाही. वकिलाने पेन खाली ठेवलं. आता प्रज्वल सव्वीस ओलांडून गेलाय, म्हणजे नाव नोंदवायची मुदत संपली. आणि एकतिशीच्या आत अर्ज करायचा तर त्याने सिद्ध करायचं, की मी जाणूनबुजून टाळलं नाही.

“मावशी, तो सिटिझन झाला तर माझा व्हिसा लवकर होईल. नाहीतर ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोची लाइन वेगळी. किती वर्षं ते कोणी सांगत नाही. मी शाळेतली नोकरी सोडून बसलेय, आई रोज विचारते, तारीख आली का, तारीख आली का.”

“मग माझ्याकडे काय?”

“वकील म्हणतो, मुलगा इंग्लिश वाचू शकत होता, मग पत्र का सोडलं? तर घरच्या भरवशाच्या मोठ्या माणसाने तसं सांगितलं, असं त्या माणसानेच लिहून द्यायला पाहिजे. तेव्हाचे मेसेज कोणाकडेच नाहीत, फोन बदलले सगळ्यांनी. प्रज्वलच्या आई म्हणाल्या, कुंदामावशीने सांगितलं होतं. त्यांनी मजकूर पण बनवून घेऊन पाठवलाय, तुम्ही फक्त सही करा.”

तिने कागद पुढे सरकवला. कुंदाने चष्मा लावला. मजकूर इंग्रजीत होता. मी खाली सही करणारी, माझं शिक्षण बेताचं, मला इंग्रजी भाषा पुरेशी येत नाही, सबब सदर पत्राचा अर्थ लावताना माझा गैरसमज झाला.

कुंदाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला इंग्रजी येत नाही?”

“मावशी, ती फक्त फॉर्मॅलिटी…”

“हे कोणी लिहिलं? तुझ्या सासूने?”

“वकिलाने. आईंनी सांगितलं असेल त्याला.”

“तुझ्या सासूला ‘तालुका’ कुठे लिहायचा ते मी शिकवलंय. ठेवून जा. बघू.”

मनाली गेली. कुंदाने कागद टेबलाच्या खणात टाकला आणि खण पायाने ढकलून बंद केला.

आठ दिवस तो खणात पडून होता. त्या आठ दिवसांत कुंदाने काय केलं म्हणाल, तर तिने नियम वाचले. अमेरिकन सरकारच्या साइटवर जाऊन, पान न पान. तिथे लिहिलेलं, की युद्धाच्या काळात जो तिकडच्या फौजेतून पळाला किंवा भरती चुकवायला देश सोडून गेला आणि कोर्टात दोषी ठरला, त्याला नागरिकत्वाचं दार कायमचं बंद. ज्याने नुसतं नाव नोंदवलं नाही, त्याचं तसं नाही. सव्वीसच्या आत असेल तर नोंदव. सव्वीस ते एकतीसमध्ये असेल तर पुरावा दे, की मुद्दाम केलं नाही. एकतिशीनंतर ती गोष्ट सहसा आड येत नाही.

म्हणजे कुंदाने सही केली नाही तरी जग बुडत नव्हतं. पोराची चारेक वर्षं जातील, एवढंच. चार वर्षं! किर्ती बीकॉम करून एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात लागली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या सहीची पत्रं टाइप करायची. तिची किती वर्षं गेली ते कोणत्या वकिलाने विचारलं? राहू दे संध्याला पण जरा लाइनीत उभं. कळू दे, खिडकी तोंडावर बंद झाली की काय वाटतं. कुंदा दिवसातून दोनदा तो खण उघडायची, कागद आहे ना बघायची, आणि पुन्हा बंद करायची. आपल्या मुठीत काहीतरी आहे, ही चव तिला फार दिवसांनी मिळाली होती.

नवव्या दिवशी सकाळी सातला व्हिडिओ कॉल आला. संध्या. ड्यूटीवरून परतलेली, अंगात निळा गणवेश तसाच, केस पांढरे झालेले. पाठीमागे मोठं स्वयंपाकघर. कुंदाने आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग मैत्रीण.

“कुंदे, कशी आहेस?”

“बघ, आहे तशीच आहे. तुझ्यासारखं कोणी रंगवलं नाही आम्हाला.”

“केस पांढरे झालेत ग माझे, डोळे फुटले का तुझे? ऐक ना, सही केलीस का?”

“मला इंग्रजी येत नाही, असं लिहिलंयस तू.”

“अगं, कागदावर लिहायला काय जातंय? मनाला लावून घेऊ नकोस. हे बघ, मी ह्यांना पण तेच समजावलं. हे चिडले होते तुझ्यावर. मी म्हटलं, कुंदा साधी बाई आहे, वस्तीतली. तिला तिकडे बसून काय कळणार अमेरिकेचं? जेवढं समजलं तेवढं सांगितलं बिचारीने. मी तर माफ पण केलंय तुला.”

माफ. कुंदाला कोणी कधी माफ केलं नव्हतं. तशी वेळच तिने येऊ दिली नव्हती. साधी बाई. बिचारी. जिने हिचा फॉर्म भरला, तिला हिच्याकडून माफी!

“संध्ये, तुझी माफी तुझ्याजवळ ठेव,” ती म्हणाली. “मला ते पत्र कळलं होतं.”

“काय?”

“सगळं कळलं होतं. नीट कळलं होतं.”

कुंदाने फोन कट केला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, गैरसमज नको. तिला अडाणी म्हटलेलं सोसलं नाही म्हणून खरं बाहेर पडलं. वाईट म्हणा, कपटी म्हणा, पण मला वाचता येत नाही असं म्हणू नका. एवढाच तो ताठा होता.

संध्याचे लागोपाठ सात कॉल आले. तिने एकही घेतला नाही. चप्पल घातली आणि ती बदलापूरला भावाकडे गेली.

भूषण आता साठीकडे झुकलेला. कात्रपमध्ये एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. गणवेश कडक, बूट चकाचक. फौज सुटली पण बुटाचं पॉलिश सुटलं नाही. कुंदा त्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं. तो येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना दांडा वर करत, खाली करत ऐकत होता.

“माझं नाव घेऊन घाबरवलंस तिला?” तो शेवटी म्हणाला.

“तेच जवळ होतं तोंडात.”

“हां.” एक गाडी आली. दांडा वर, दांडा खाली. “तुझी मुलाखत माझ्यापायी गेली. ते मला माहिताय. तू कधी बोलली नाहीस, पण मला माहिताय.”

“जाऊ दे ना दादा आता.”

“जाऊ कसं दे? ऐक. मी सही करून फौजेत गेलो आणि स्वतःच्या पायांनी पळालो. चूक केली, भोगली. एवढं करूनही माझं मतदानकार्ड कोणी काढून घेतलं नाही. मागच्या इलेक्शनला बोटाला शाई लावून आलो, साल्या कोणाची हिंमत झाली नाही विचारायची, की तू भगोडा, तू इथला आहेस का? आणि ते पोरगं? ते फौजेत गेलं नाही, पळालं नाही, त्याने नुसतं आईचं ऐकलं. आईने तुझं ऐकलं. आणि तिकडचा साहेब त्याला विचारतो, तू चुकवलंस का?” त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “पळालो मी, कुंदे. कागद त्याच्या नावाने कशाला फाडलास?”

कुंदाला राग आला. “तू मला शिकवू नकोस,” म्हणत ती उठली. पण रिक्षा स्टँडपर्यंत चालताना तिला प्रज्वल आठवला. गाडीला टेकलेला नव्हे. पाच वर्षांचा, तिच्याच टेबलाखाली बसून रबरी शिक्के कागदावर मारत बसणारा. एकदा त्याने तिच्या पायावर शिक्का मारला होता. तीस वर्षांच्या हिशोबात तिने तो पोरगा कधी धरलाच नव्हता. तिच्या डोक्यात कायम संध्याच होती.

दुसऱ्या दिवशी ती उल्हासनगरला गेली. तिथल्या तीन नंबर कॅम्प भागात झेरॉक्सच्या दुकानात एक सिंधी टायपिस्ट बसतो, शेजारीच नोटरी. कुंदाचा नेहमीचा माणूस. तिने स्टँपपेपर पुढे ठेवला आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, एकेक शब्द तोलून. मी ते पत्र वाचलं. मला त्याचा अर्थ पूर्ण समजला. नोंदणी केली नाही तर नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं, हे मला तेव्हा माहीत होतं.

टायपिस्टची बोटं थांबली. “वडी दीदी, ये क्या लिखवा रहे हो? ‘समझा नहीं’ लिखो. सब लोग ‘समझा नहीं’ लिखते हैं.”

“मैं सब लोग नहीं हूँ. टाइप करो.”

“फँस जाओगे, साईं.”

“कोण फसवतंय मला? माझंच तोंड, माझीच सही. लिहा पुढे. मी जाणूनबुजून त्याच्या आईला चुकीचं सांगितलं.”

“कारण?” टायपिस्टने चष्म्यावरून पाहिलं. “कारण लिखना पड़ेगा दीदी. पूछेगा ना वो अमेरिकावाला, क्यूँ किया?”

इथे कुंदा अडली. तिसरं पान काढा म्हणणारी बाई, तिला एक शब्द सापडेना. शब्द माहीत होता. शब्दकोशात ‘जे’च्या पानावर होता. तो मोठ्याने म्हणायचा होता, दुकानात, दोन अनोळखी माणसं झेरॉक्ससाठी उभी असताना.

“जेलसी,” ती म्हणाली.

झेरॉक्सवाल्या दोघांपैकी एक वळला.

“स्पेलिंग सांगू का?” कुंदा त्याच्यावर खेकसली. तो पुन्हा मशीनकडे बघायला लागला.

टायपिस्टने तो शब्द गुपचूप टाइप केला. खाली तिनेच शेवटचं वाक्य सांगितलं: प्रज्वल तेव्हा अठरा वर्षांचा होता, त्याच्या घरात माझ्या शब्दाला किंमत होती, आणि त्याने तो शब्द खरा मानला. मग नोटरीसमोर सही, शिक्का. संध्याने पाठवलेला कागद तिने तिथेच फाडला. त्याचे तुकडे मात्र पर्समध्ये ठेवले. दुसऱ्याच्या दुकानात कचरा टाकायची तिला सवय नव्हती.

मनाली कागद न्यायला आली तेव्हा उभ्यानेच वाचायला लागली. वाचता वाचता बसली.

“मावशी… हे खरं आहे?”

“इंग्लिश येतं ना तुला? मग.”

“पण का? आई तर तुमच्याबद्दल एवढं…”

“लिहिलंय ना कारण.”

मनालीने कागद घडी न घालता फाइलीत सरकवला. पोरीचे डोळे भरले होते, आणि ते दुःखाने नव्हे, रागाने. ती दारापर्यंत गेली, थांबली, मागे वळली. कुंदाला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर कुंदाने दोन परत केल्या असत्या, हिशोब बरोबरीत सुटला असता. मनाली नुसतीच गेली. जयभीम न करता.

त्या संध्याकाळी संध्याचा मेसेज आला. एकच ओळ: ‘माझा फॉर्म तू भरला होतास, ते मी कधी विसरले नाही.’ कुंदाने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं, पण ते पोचलंच नाही, पलीकडून नंबर ब्लॉक झाला होता.

वकिलाने कागद जोडला. प्रज्वलने स्वतःचं निवेदन दिलं, आईने दिलं. मुलाखतीत साहेबाने त्याला बराच वेळ खोदून विचारलं, आणि पुढच्या वर्षी, गेल्याच महिन्यात, त्याने हात वर करून शपथ घेतली. नागरिक झाला. ही बातमी कुंदाला वस्तीतून कळली. मनालीचे वडील कात्रपहून पेढ्यांचे खोके घेऊन आले आणि संध्याच्या जुन्या चाळीपासून विहारापर्यंत घरोघर वाटत गेले. भिमाबाईकडे दिले, बनूबाईकडे दिले. कुंदाच्या दारासमोरून पुढे गेले.

आणि कुंदाच्या पोटात दुखलं. पहिल्यासारखंच. कबूल केलं की हे दुखणं जातं, असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ती दारात उभी राहून त्या खोक्याकडे बघत होती. गुरुदत्त मागून म्हणाला, “मी आणू का पेढे नाक्यावरून?”

“मला पेढे आवडतच नाहीत,” ती म्हणाली.

वस्तीत गोष्ट पसरली. पसरणारच होती, झेरॉक्सच्या दुकानात सांगितलेली गोष्ट. काही लोक यायचे बंद झाले. जे येतात त्यांच्यात बनूबाईसारखी एखादी टेबलावर कागद ठेवते आणि तोंडावर विचारते, “कुंदाताई, पूर्ण सांगणार ना? की आमच्यावर पण जळतेस?” कुंदा लाल होते. मग ओळीखाली बोट धरून अख्खा कागद मोठ्याने वाचते, समोरचा कंटाळेपर्यंत. आणि ज्याच्यावर खरंच जळत असेल, त्याला स्पष्ट सांगते, “हा कागद मी नाही करणार. पलीकडच्या गल्लीत शंकररावांकडे जा. ते तुला ओळखत नाहीत, बरं करतील.”

आता तुम्हाला एक विनंती. तुमचा भाचा, पुतण्या, शेजाऱ्याचा पोरगा ग्रीनकार्डावर अमेरिकेत असेल आणि सव्वीसच्या आत असेल, तर त्याला आजच फोन करा. विचारा, लष्करी नोंदणीचं काय झालं, केलीस का? तो आता मुदतीत आहे, नंतर नसेल. आणि ज्याच्या गाडीचा फोटो बघून तुमच्या पोटात दुखलं होतं, त्याला आधी करा.